संत्र्याच्या बागेतला बार

अंबिया बहाराची फळं उतरली की पांढुर्णा-सौंसरच्या बागांत सल काढायचं काम निघतं. सल म्हणजे झाडावरच वाळून राहिलेली फांदी. वाळक्या लाकडात बुरशी वस्ती करते, तिथून हिरव्या फांदीत शिरते आणि पुढच्या बहारात फळाच्या देठापर्यंत पोचते. म्हणून वाळक्या भागासोबत इंचभर हिरवी फांदीही कापायची आणि जखमेवर बोर्डो मलम लावायचं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बारीक सल सिकेटरनं निघते, मनगटाएवढी हातकरवतीनं. पण बाग जुनी असेल, मांडीएवढ्या फांद्या वाळल्या असतील, तर चेनसॉ आणावा लागतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं असतात, आणि संत्र्याचं लाकूड घट्ट, चिवट असतं. एवढी झाडं हातानं उरकत नाहीत.

चेनसॉ घेताना माणूस इंजिनाबद्दल विचारतो. किती सीसीचं, पेट्रोल किती पितं, टू-टी ऑइल किती मिसळायचं. धारेबद्दलही विचारतो, कारण साखळीचे दात डोळ्यांना दिसतात. ज्या पोलादी पट्टीवरून ती साखळी धावते, त्या बारबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. काप सरळ जाणार की तिरका, फांदी स्वच्छ कापली जाणार की फाटणार, हे मात्र बरंचसं या बारवरच ठरतं.

बार दिसायला साधा. लांबट पट्टी, टोक गोल. तिच्या कडेनं एक खाच असते आणि साखळीच्या खालच्या कड्यांची जीभ त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन कडा, म्हणजे साखळीचे रूळच. टोकाला बहुतेक बारमध्ये दातेरी चाक असतं, साखळी तिथून वळते. इंजिनाजवळच्या बारीक भोकातून तेल खाचेत उतरतं आणि साखळीच ते पुढे वाहून नेते. पूर्ण जोरात साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. एवढ्या वेगानं पोलादावर पोलाद घासत असताना तेल कमी पडलं तर रूळ तापतात, निळे पडतात आणि त्या जागी पोलादाचा कडकपणा जातो.

झीजही ठरलेल्या जागी होते. माणूस बहुतेक वेळा बारच्या खालच्या बाजूनं कापतो, त्यामुळे खालचे रूळ आधी जातात. रूळ घासले की खाच उथळ होते आणि साखळीची जीभ तिच्या तळाला टेकू लागते. खाच रुंद झाली तर साखळी आत डुलते, एका अंगाला कलते आणि काप त्याच अंगाला वळतो. मग कापणारा जोर लावतो, फांदी कापण्याऐवजी फाटते आणि साल खाली सोलत जाते. संत्र्याच्या झाडाला ही जखम महाग पडते. फाटलेल्या सालीखाली पाणी साचतं आणि मलम सगळीकडे पोचत नाही.

कुऱ्हाडीचं असं नव्हतं. तिची धार गेली की पहिल्याच घावाला हाताला कळायचं. या मुलखाला कुऱ्हाडीची ओळख नव्यानं करून द्यायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे दोन काठांमधल्या दगडफेकीच्या खेळात, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. त्या झाडावरचा झेंडा तोडायला पांढुर्ण्याकडचे लोक दगडांच्या वर्षावात शिरतात ते कुऱ्हाड घेऊन. कुऱ्हाडीत माणसाचा जोर आणि हत्याराची धार यांचा हिशेब उघड असतो. चेनसॉमध्ये इंजिनाचा जोर मधे येतो आणि खराब बारचा दोष झाकून टाकतो. कळतं तेव्हा साखळी तुटलेली असते किंवा फांदी फाटलेली असते.

बार दुरुस्त होतो आणि त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. आधी साखळी काढून खाचेतला भुसा आणि चिकट तेलाचा गाळ पातळ पत्र्यानं खरवडायचा, तेलाचं भोक मोकळं करायचं. मग रुळांच्या कडेवरून बोट जपून फिरवायचं. बाहेर वळलेली धारदार कड हाताला लागली तर सपाट कानशीनं ती काढायची. बार सपाट जागेवर त्याच्या कडेवर उभा केला की दोन्ही रूळ एका उंचीचे आहेत का ते कळतं. बार कलला तर उंच रूळ काटकोनात घासून खाली आणायचा. रुंदावलेल्या खाचेत साखळीच्या जिभेइतक्या जाडीची पट्टी घालून बाहेरून हातोडीनं हलके ठोके दिले तर रूळ पुन्हा जवळ येतात. मात्र खाच उथळ झाली असेल तर बार टाकून द्यावा. तिथे पैसे वाचवू नयेत.

झीज ओळखायचा एक सोपा उपाय आहे. सरळ पट्टी साखळीच्या दाताला आणि बारच्या अंगाला एकदम टेकवायची. पट्टी आणि बार यांच्यात थोडी फट राहिली तर खाच ठीक. साखळी कलंडून पट्टी बारला सपाट चिकटली तर खाच रुंद झाली. आणि दर वेळी धार लावली की बार उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. एवढ्यानं त्याचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

या यंत्राला एकेकाळी वेगळाच बार लावत. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइनची जंगलं आहेत आणि तिथल्या कागदगिरण्यांना पाच फूट तीन इंचांचे ओंडके लागत. त्या कामासाठी बो बार वापरत. तो भरीव पट्टीचा नसून पोलादाची पोकळ, लांबट गोल चौकट असतो आणि साखळी तिच्या बाहेरच्या कडेनं फिरते. इंजिनाजवळ एक काटा असतो, तो ओंडक्याला टेकवायचा आणि चौकट वरून खाली दाबायची. माणूस आडव्या खोडाच्या कडेनं उभ्यानं चालत तुकडे पाडत जातो, कंबर वाकवावी लागत नाही. शिवाय चौकट आतून पोकळ असल्यामुळे ती खाली उतरली की मागे काप मिटला तरी लाकडाला धरायला काही सापडत नाही. साधा बार अशा वेळी ओंडक्यात अडकून बसतो. दिवसभर ओंडके पाडणाऱ्या मजुराला हे दोन फायदे फार मोठे होते.

जुने बो बार दुरुस्त करणारे हौशी कारागीर तिथे आजही आहेत. काम साध्या बारसारखंच, फक्त नाजूक. रूळ अरुंद असल्यामुळे चौकट वाकलेली असते, ती सपाट पाटावर ठेवून तपासावी लागते. गंज काढायचा, खाच उघडायची, साखळी त्याच लांबीची जुळवायची. आणि वरखालची संरक्षक पट्टी जागेवर नसेल तर तो बार यंत्राला लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण झटक्याचं. फिरत्या साखळीच्या टोकाचा वरचा भाग कशाला अडला की सगळा बार वर आणि मागे, कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे घडतं. साध्या बारला ही धोक्याची जागा टोकापुरती असते. बो बारला टोक म्हणजे मोठी कमान, आणि कापायचं तेही त्याच कमानीनं. चेन ब्रेक आले, सुरक्षेचे नियम कडक झाले, तसा बो बार मागे पडला.

पाइनचा ओंडका जमिनीवर एकटा पडलेला असतो, समोर अडायला काही नसतं. संत्र्याचं झाड बुंध्याजवळूनच फुटतं, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, काटे असलेल्या. एक सल कापताना टोक मागच्या फांदीला लागणारच. आपल्या बागेत हवा तो आखूड आणि सरळ बार. मोठं यंत्र स्वस्तात मिळालं म्हणून बावीस इंची बार घेऊन झाडात शिरणं धोक्याचं आहे. सल काढायला बारा ते सोळा इंच पुरतात. टोकानं कधी कापू नये, यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये, झाडावर चढून चालवू नये. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट, दोन्ही हात यंत्रावर.

जड फांदी कापताना आधी खालून थोडा काप द्यावा, मग थोडं बाहेरच्या बाजूनं वरून. फांदी पडली की उरलेला खुंट तिरका कापावा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बारचं टोक जुन्या लाकडासमोर धरून यंत्राची गती वाढवावी. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल नीट उतरतंय. रेघ उमटली नाही तर त्या दिवशी आधी बार उतरवून भोक साफ करावं, झाडाकडे मग जावं.