पाठ केलेली कविता

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला विचारलं, 'सर, कवितेनं कधी एखाद्या तुरुंगाचं दार उघडलंय का?' प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच देतो. नाही उघडलं. मग जुलमाच्या काळात कविता करते तरी काय? यासाठी आज एकच उदाहरण घेऊ, रशियन कवयित्री आना आख्मातोवा यांचं.

त्यांचे पहिले पती, कवी निकोलाय गुमिल्योव, यांना १९२१ साली गोळ्या घालण्यात आल्या. पुढे १९३८ मध्ये मुलगा लेव पकडला गेला. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर तेव्हा बायकांच्या रांगा लागत. आपल्या माणसासाठी आणलेलं सामान खिडकीत द्यायचं. घेतलं गेलं तर तो अजून आहे असं समजायचं. अशा रांगांमध्ये आख्मातोवांनी सतरा महिने काढले. 'रिक्विएम' ही त्यांची दीर्घ कविता या रांगेतून आली.

पण ती लिहून ठेवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. मग त्या काय करत? घरात कोणी ऐकत असेल या भीतीनं तोंडानं चहापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि कागदावर चार ओळी लिहून मैत्रिणीपुढे सरकवायच्या. लिडिया चुकोव्स्काया त्या वाचून पाठ करत. लगेच कागद राखदाणीत जाळायचा! अशी काही मोजक्या विश्वासू माणसांच्या डोक्यात ही कविता वर्षानुवर्षं राहिली. आपल्याला हे नवं वाटू नये. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी राहिली, असं आपली परंपरा सांगतेच की.

आता यातला विचार बघा. ॲरिस्टॉटल म्हणतो, इतिहास घडलेलं सांगतो, कविता घडू शकेल असं सांगते. पण घडलेलं नोंदवायचीच बंदी असेल तर? तिथं इतिहासाचं काम कवितेला करावं लागतं. सत्तेला माणूस नुसता मारायचा नसतो, तो होता याची खूणही पुसायची असते. ही खूण राखणं हाच तिथला प्रतिकार. छंद आणि यमक इथं अलंकार उरत नाहीत. ती आठवण बांधून ठेवणारी दोरी होते.

आख्मातोवांना देवी करायचं कारण नाही. १९४९ मध्ये लेवला पुन्हा अटक झाली, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी त्यांनी स्टालिनच्या स्तुतीपर कविता लिहून छापल्या. उपयोग झाला नाही. लेव सुटला १९५६ मध्ये, स्टालिन गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्या आईला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण फरक पाहा. स्तुती लगेच छापली गेली. 'रिक्विएम' १९६३ मध्ये म्युनिकला प्रसिद्ध झाली, आणि स्वतःच्या देशात १९८७ मध्ये, कवयित्री जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर असं: कवितेनं दार उघडलं नाही. पण दाराबाहेर कोण उभं होतं, हे तिनं विसरू दिलं नाही. आपण आज कोणाचं काय पाठ ठेवणार आहोत, एवढं मनाशी विचारून बघा.