भीतीचा जमाखर्च

भयकथेचा वाचक एका बाबतीत सुरक्षित असतो. नारायण धारपांच्या किंवा रत्नाकर मतकरींच्या कथेतल्या माणसानं ती बंद खोली उघडायची की नाही, हे ठरवण्याचं काम वाचकाकडे नसतं. तो माणूस जातो, आपण त्याच्यामागून जातो, आणि फारच झालं तर पुस्तक मिटून उशाशी ठेवतो. व्हिडिओ गेममध्ये दार आपल्यालाच उघडावं लागतं. बटण दाबलं नाही तर पात्र दारापाशी तसंच उभं राहतं, दहा मिनिटं, तासभर. पलीकडे जे काही असेल तेही वाट पाहत राहतं.

एवढ्यावरून वाटेल, की भीतीसाठी यापेक्षा सोयीचं माध्यम नाही. पण अडचणही इथूनच सुरू होते. खेळ म्हटला की नियम आले, नियम आले की ते शिकणं आलं, आणि जे शिकून घेता येतं त्याची भीती फार काळ टिकत नाही. एकाच भुताच्या हातून चौथ्यांदा मरणारा खेळाडू घाबरत नाही, वैतागतो. त्यामुळे या प्रकारातले बरेचसे गेम एका कुशीवर कलंडतात. काही आपल्याला नुसते झपाटलेल्या घरातून फिरवून आणतात, मधूनच कोणीतरी अंगावर किंचाळतं, खेळण्यासारखं हाती काही लागत नाही. काहींत गोळ्या इतक्या सढळ हातानं मिळतात, की राक्षस म्हणजे जत्रेतल्या नेमबाजीचे फुगे होतात. भीती आणि खेळ या दोन्हींचा संसार नीट मांडणारे गेम थोडेच आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते: त्यांची भीती नियमांच्या आत बसवलेली असते. ती काढून टाकली तर खेळच उरत नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल’. प्लेस्टेशनवर तो 1996 साली आला, दिग्दर्शक शिंजी मिकामी. जपानात त्याचं नाव ‘बायोहझार्ड’. त्याचं मूळ आणखी मागे, 1989 च्या ‘स्वीट होम’ या कॅपकॉमच्याच गेममध्ये सापडतं. तो कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर बेतलेला होता, आणि तो करणारे तोकुरो फुजिवारा पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’चे निर्माते झाले. कथा तशी बेताचीच: पोलिसांच्या खास पथकातले क्रिस आणि जिल एका डोंगरातल्या हवेलीत अडकतात आणि तिथे झोंबी आहेत. संवाद तर इतके गमतीदार की खेळणारे ते आजही एकमेकांना ऐकवून हसतात. तरीही हवेलीतल्या बोळात शिरताना छातीत धडधडतं, आणि त्याचं कारण एक साधा आकडा आहे. जिलजवळ वस्तू ठेवायला 8 कप्पे असतात, क्रिसजवळ फक्त 6.

पिस्तुलाला एक कप्पा, गोळ्यांना एक. औषधी पाल्याला एक. सापडलेल्या किल्लीला एक. क्रिसचे आता दोनच उरले, आणि पुढच्या खोलीत काय सापडेल याचा पत्ता नाही. जास्तीचं सामान मोठ्या पेट्यांत ठेवता येतं (एका पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत कशी निघते, हे विचारायचं नसतं), पण पेटीपर्यंत परत जायचं म्हणजे तोच बोळ पुन्हा ओलांडायचा. त्या बोळात एक झोंबी आहे. त्याला आडवा करायला बऱ्याच गोळ्या जातात. मारावं, तर पुढे गोळ्या कमी पडतील; चुकवून पळावं, तर दर खेपेला चावा बसण्याची शक्यता. झोंबी हळू चालतो, मूर्ख आहे, तोंडानं नुसता विव्हळतो. घाबरवतो तो आपल्या खिशातला तुटवडा.

त्यातली टाइपरायटरची युक्ती तर मला अजूनही अजोड वाटते. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायचा, म्हणजे मेल्यास तिथूनच पुन्हा सुरू करता येईल, तर हवेलीत ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या टाइपरायटरवर नोंद करावी लागते. त्यासाठी शाईची रिबीन लागते, आणि रिबिनी मोजक्याच. म्हणजे सुरक्षितताही इथे खर्चाचीच बाब झाली. आता नोंद करावी, की अजून दोन खोल्या पाहून? शेवटच्या नोंदीला जितका वेळ होत जातो, तितकं प्रत्येक दार जड होत जातं. तासाभराची मेहनत वाया जाण्याची ही भीती खेळणाऱ्याची स्वतःची, अगदी खरी असते.

2002 मध्ये मिकामींनी हाच गेम नव्यानं केला, आणि जुन्या खेळाडूंनी नियम पाठ केलेत हे ओळखून त्यात एक कलम घातलं. मारून टाकलेला झोंबी काही काळानं पुन्हा उठतो, लालबुंद डोक्याचा, नखं वाढलेला आणि वेगानं धावणारा. ते टाळायचं तर एक तर त्याचं डोकं फुटलं पाहिजे, नाही तर प्रेतावर रॉकेल ओतून ते जाळलं पाहिजे. रॉकेल न्यायच्या डबीत दोनदा पुरेल एवढंच मावतं, आणि ती डबी अर्थातच एक कप्पा अडवते. ज्यानं सगळे बोळ गोळ्या झाडून मोकळे केले, त्याच्या नकाशावर जिकडेतिकडे उधाऱ्या होऊन बसतात. कुठलं प्रेत जाळायचं आणि कुठल्याच्या अंगावरून रोज जायचं, हे ठरवताना खेळाडूला घर ओळखीचं होत जातं, आणि तेच घर त्याला जास्त छळतं.

‘रेसिडेंट ईव्हिल’ तुटवड्यावर चालतो. टेक्मो कंपनीनं 2001 मध्ये काढलेला ‘फेटल फ्रेम’ (जपानात ‘झिरो’) निराळ्याच गोष्टीवर चालतो: अंतरावर. मिकू नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत हिमुरो वाड्यात येते. तिच्याजवळ शस्त्र म्हणून काही नाही, एक जुना कॅमेरा आहे. भुताचा फोटो काढला की त्याची शक्ती घटते. पण लांबून काढलेल्या फोटोचा परिणाम नगण्य. भूत जितकं जवळ, चौकटीत जितका वेळ धरलेलं, तितका घाव मोठा. आणि सर्वांत मोठा घाव ते अंगावर झडप घालण्याच्या नेमक्या क्षणी. कॅमेरा डोळ्याला लावला की पावलं मंदावतात, समोरच्या चौकटीबाहेरचं दिसेनासं होतं, आणि भुतं तर भिंतीतून येतात. भयपट पाहताना आपण डोळ्यांवर हात घेतो. इथे नीट न पाहणारा हरतो. चांगलं खेळणं म्हणजे त्या चेहऱ्याला जवळ येऊ देणं. इथे कौशल्य वाढलं तरी भीती ओसरत नाही, कारण सरावलेला खेळाडू नवख्यापेक्षा भुताच्या अधिक जवळ उभा असतो.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सनं 2010 मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला आणि हातातलं शस्त्रच काढून घेतलं. अंधारात थांबलं तर पात्राचं मन ढासळतं, उजेडात उभं राहिलं तर राक्षसाला दिसतं, आणि कंदिलाचं तेल संपत आलेलं. पेच सुंदर आहे. दुर्दैवानं त्याच्यामागून निघालेल्या कित्येक गेमनी फक्त पळणं आणि लपणं तेवढं उचललं, पेच मागेच राहिला.

लपाछपीला पुन्हा अर्थ आला तो ‘एलियन: आयसोलेशन’मुळे. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीनं तो 2014 मध्ये केला. रिडली स्कॉटच्या 1979 च्या चित्रपटातल्या रिप्लीची मुलगी अमांडा सेव्हास्तोपोल या अंतराळस्थानकावर आहे, आणि तिथे एक एलियन मोकाट फिरतो आहे. त्याला मारता येत नाही. आगीच्या झोतानं तो थोडा वेळ मागे हटतो, इतकंच. सगळ्या गेमचा भार या एका प्राण्यावर असल्यानं त्याची अक्कल फार विचारपूर्वक रचलेली आहे. ती दोन थरांची आहे. वरच्या थराला, त्याला सूत्रधार म्हणू, आपण कुठे आहोत हे कायम ठाऊक असतं. खालचा थर म्हणजे खुद्द एलियन. त्याला डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढंच कळतं. सूत्रधार अधूनमधून त्याला फक्त साधारण दिशा सुचवतो. नेमकी जागा सांगत नाही; ती एलियननं स्वतः हुडकायची. शिवाय आपल्यावरचा ताण किती वेळ चढलेला आहे याचा हिशेब सूत्रधार ठेवतो, आणि तो हद्दीबाहेर गेला की एलियनला काही काळ छतातल्या झडपांमध्ये परत धाडतो. त्यामुळे प्राणी कधीच फार लांब जात नाही, पण तो फसवतो असंही वाटत नाही. मेलो तर चूक आपलीच: धावलो, लॉकरचं दार फार लवकर उघडलं. पाठ करावी अशी त्याची ठरलेली वाट नसल्यानं इथे वाट शिकता येत नाही, त्याचा स्वभाव शिकावा लागतो. हातातलं हालचाल दाखवणारं यंत्र वर धरलं, की नजर त्याच्या पडद्यावर स्थिरावते आणि समोरचं दृश्य धूसर होतं. तो कुठे आहे हे पाहावं, की तो समोर आहे का हे पाहावं? हा गेम लांबला आहे, शेवटचे काही तास सहज छाटता आले असते. पण वीस पावलांचा बोळ ओलांडायला पाच मिनिटं लागावीत आणि त्यातला एकही क्षण रिकामा नसावा, हे दुसरीकडे क्वचितच साधलं आहे.

आता राहिला कोनामीचा ‘सायलेंट हिल 2’, साल 2001. त्यातली मारामारी ओबडधोबड आहे. खिळे ठोकलेली फळी घेऊन जेम्स सुंदरलँड अशा काही आवेशात फटके मारतो, की दया यावी. नायक सामान्य माणूस आहे म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय, असं त्याचे चाहते सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. पण या गेमनं आणखी एक जमाखर्च ठेवला, तोही खेळाडूला न सांगता. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स धुक्यानं भरलेल्या गावात येतो. शेवट वेगवेगळे आहेत, पण कुठेही ‘हे की ते’ असा प्रश्न विचारला जात नाही. आपण कसे वागलो यावरून शेवट ठरतो. जखमी झाल्यावर लगेच औषध घेतलं, की तसंच रक्तबंबाळ हिंडलो? बायकोचा फोटो आणि पत्र अधूनमधून काढून पाहिलं का? बायकोसारखी दिसणारी मारिया वाटेत भेटते, तिच्याजवळ राहिलो, की तिला मागे टाकून निघालो? यावरून जेम्स गावाबाहेर पडतो, किंवा मारियाबरोबर जातो, किंवा तळ्याच्या तळाशी जातो.

वाटेत अँजेला नावाची तरुणी भेटते. तिच्या हातात सुरा आहे आणि जगण्यावरचं मन उडालेलं आहे. तो सुरा जेम्सकडे येतो. शस्त्र म्हणून तो वापरता येत नाही, कुठलं कुलूपही त्यानं उघडत नाही. पण अशा गेममध्ये मुरलेला खेळाडू प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहतो, एखाद्या कोड्याचा दुवा निघेल म्हणून. तो सुरा काढतो, निरखतो, परत ठेवतो. चार खोल्यांनंतर पुन्हा काढतो. गेम त्याला काही बोलत नाही. जेम्स त्या सुऱ्याकडे पाहत राहतो, एवढीच नोंद होते, आणि ती तळ्याच्या खात्यावर जमा होते.