वसई-विरार : स्थानकाभोवती वाढलेले शहर

ट्राम म्हणजे रस्त्यातच बसवलेल्या रुळांवरून, थोड्या थोड्या अंतरावर थांबत शहरांतर्गत वाहतूक करणारी गाडी. मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये ती विजेवर धावू लागली आणि 31 मार्च 1964 रोजी कायमची बंद झाली. मात्र या सगळ्या काळात ती मुंबई बेटाबाहेर कधी गेली नाही. मुंबईच्या उत्तरेकडील वसई-विरार परिसरात शहर घडवण्याचे काम रेल्वेने केले आणि त्याचा प्रारंभ मुंबईच्या पहिल्या ट्रामपेक्षाही जुना आहे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजेच बीबीसीआय या कंपनीने गुजरातकडून मुंबईच्या दिशेने टाकत आणलेला मार्ग 1864 च्या अखेरीस ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. कापसाची आणि इतर मालाची ने-आण हे त्यामागचे मोठे प्रयोजन होते, त्यामुळे वाटेतल्या गावांची सोय आखणीत दुय्यम ठरली असल्यास नवल नाही. तरीही 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत रोजची उपनगरी गाडी धावू लागली. सकाळी मुंबईला जाणारी आणि संध्याकाळी परतणारी ही एकच गाडी पश्चिम रेल्वेच्या आजच्या प्रचंड लोकल सेवेची पूर्वज होय. जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले, म्हणजे कोळशाच्या इंजिनाऐवजी वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या गाड्या आल्या, आणि 1936 मध्ये ही सोय विरारपर्यंत पोहोचली. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर रोज कापून नोकरी करणे शक्य झाले, ते प्रामुख्याने या विजेच्या गाड्यांमुळे.

या इतिहासातील खरी महत्त्वाची गोष्ट भूगोलाची आहे. वसईचे जुने वैभव किल्ल्याभोवती होते. 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेली ही नगरी खाडी व समुद्राच्या मार्गाने जगाशी जोडलेली होती. रेल्वेमार्ग मात्र किनारा सोडून पूर्वेकडून गेला आणि वसई रोड स्थानक किल्ल्यापासून सुमारे सहा किलोमीटर दूर उभे राहिले. किनाऱ्याकडच्या आगाशी आणि अर्नाळा या गावांची स्थितीही विरार स्थानकाच्या संदर्भात फारशी वेगळी नव्हती. त्यामुळे बागायती गावे पश्चिमेला, तर नवी वस्ती स्थानकांच्या आजूबाजूला अशी विभागणी झाली; नवघर-माणिकपूर आणि नालासोपारा यांची वाढ हे स्थानकांच्या याच ओढीचे फळ आहे. वसईची केळी, फुले आणि भाजीपाला दादरच्या बाजारापर्यंत पोहोचवणारी गाडीच पुढे चाकरमान्यांची झाली. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली केवळ महिलांसाठीची विशेष लोकल पुढच्याच वर्षी विरारपर्यंत नेण्यात आली, यावरून इथून मुंबईला कामासाठी जाणाऱ्या स्त्रियांची संख्या किती वाढली होती हे सहज लक्षात येते.

वसई खाडीत पाणजू बेट आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांवर बांधलेल्या पुलांवरून रेल्वे भाईंदरकडे जाते. रस्त्याने जाणाऱ्याला मात्र महामार्गाचा मोठा वळसा घ्यावा लागतो. 2024 मध्ये भाईंदर-वसई दरम्यान वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली, पण रोजच्या प्रवाशांचा भार अजूनही रेल्वेवरच आहे.

जुलै 2009 मध्ये चार नगरपालिका आणि अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. मुंबईत स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर ट्रामने अनेक दशके भरून काढले. इथे ते काम टांगा, एसटी आणि रिक्षा यांच्यावर पडले. म्हणून महानगरपालिकेने पश्चिमेकडच्या गावांपर्यंत नेमाने धावणारी बससेवा ही लोकलइतकीच मूलभूत गरज मानून तिच्यावर खर्च करायला हवा.