बक्कल बोलू लागलं तर...

मुलांनो, शाळेत निघताना कमरेचा पट्टा आवळता ना? त्याचं बक्कल कधी निरखून पाहिलंय? ‘त्यात काय बघायचं!’ असं म्हणू नका. बक्कलावरून चक्क काळ ओळखता येतो, बरं का! चला, त्यासाठी जर्मनीला जाऊ या.

जर्मनीत सैनिकांप्रमाणे टपाल, रेल्वे, जकात अशा खात्यांतले सरकारी नोकरही गणवेश घालत. पट्ट्याच्या बक्कलावर सरकारी चिन्ह असे. टपालखात्याची खूण शिंग, तर रेल्वेची पंख असलेलं चाक. खातं असं कळतं. मग साल कसं काढायचं?

आधी गरुड शोधा. गरुड हे जर्मनीचं जुनं राजचिन्ह. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला, तेव्हा तिथे सम्राट होता. म्हणून मुकुट दिसला, तर बक्कल बहुधा १९१८ पूर्वीचं. त्या वर्षी सम्राट गेला आणि मुकुटही गेला! नुसता गरुड असेल, तर १९१९ ते १९३३ चं प्रजासत्ताक आठवा. (मात्र १९४९ नंतर पश्चिम जर्मनीतही बिनमुकुटाचाच गरुड होता, तेव्हा घाई नको.) हातोडा, कंपास आणि धान्याच्या ओंब्या दिसल्या, तर ते पूर्व जर्मनीचं. तो देश १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत विलीन झाला.

आता धातू पाहा. युद्धात पितळ महाग, म्हणून सैनिकांची बक्कलं पोलादी पत्र्याची, वर राखाडी रंग. काही बक्कलांच्या मागे चामड्याची पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि सालही छापलेलं सापडतं. पण सावधान! नकली बक्कलंही खूप. अस्सल बक्कलावरून साचा काढून ओतलेल्या नकलेत गरुडाची पिसं बोथट दिसतात.

एक चिन्ह मात्र मुद्दाम मागे ठेवलं होतं. काही बक्कलांवर गरुडाच्या पायांत स्वस्तिकासारखी आकृती असते. आपण दारात, वहीच्या पहिल्या पानावर काढतो ते स्वस्तिक शुभ. हे मात्र हिटलरच्या नाझी पक्षाचं चिन्ह, १९३३ ते १९४५ मधलं. ७ एप्रिल १९३३ ला नाझी सरकारने एक कायदा केला आणि ज्यू व विरोधी मतांच्या सरकारी नोकरांना कामावरून काढायला सुरुवात केली. त्यांत शिक्षकही होते. त्यांची चूक काय? काहीच नाही! पुढे नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. म्हणून आज जर्मनीत हे चिन्ह मिरवणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन अशा कामांसाठी ते दाखवता येतं.

म्हणजे बघा, तेच बक्कल एकाच्या कमरेला होतं आणि शेजारच्याची नोकरी गेली होती. माझ्यासारख्या शिक्षिकेला हे वाचून गप्प बसवत नाही.

तुमच्या आजोबांच्या पेटीत एखादा जुना बिल्ला, पदक किंवा शिपायाचा पट्टा आहे का? सापडला तर चिंच लावून लखलखीत घासू नका हं! घासताना बारीक अक्षरं झिजतात आणि पुरावाच पुसला जातो. मऊ कापडाने धूळ झटका, भिंग घ्या, चिन्ह वहीत काढा. आणि आजोबांना विचारा, “हे कुणाचं? कधीचं? तेव्हा काय घडत होतं?”

बक्कल बोलत नाही. प्रश्न विचारणारा भेटला, की मात्र बोलू लागतं!