सकाळची संध्या

मळवलीला उतरून भाज्यावरून गायमुख खिंडीत आलो, तर धुके असे दाटलेले की लोहगड कुठल्या हाताला आणि विसापूर कुठल्या, तेही कळेना. "वर जाऊन विंचूकाटा काही दिसायचा न्हाई," असे लोहगडवाडीच्या मावशींनी बजावले. पिठले-भाकरी होईपर्यंत त्यांच्या पडवीत बसणे आले.

पुतणीने पिशवीतून पुस्तक काढले. जेम्स जॉइसचे 'फिनेगन्स वेक'! या आयरिश लेखकाने सुमारे सतरा वर्षे खपून ते लिहिले. छापून आले १९३९ साली. कितीतरी भाषांतले शब्द मोडून एकमेकांत कालवलेली ही एका रात्रीची कादंबरी. पोरीने एम.ए.च्या प्रबंधाला हाच विषय घेतला होता; पण 'तुला झेपायचे नाही' असे वर्गात ऐकल्यापासून तो सोडण्याच्या बेतात होती.

"काका, मला ना लॅटिन येत, ना ग्रीक. मी कशाला या फंदात पडू?"

मी काय सांगणार? मराठीत मनातल्या विचारांची अशीच धार धरणारी मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' १९४२ पासून आहे. ती मी दोनदा अर्ध्यावर टाकलेली!

"मोठ्याने तरी वाच," मी म्हणालो.

तिने शेवटचा भाग उघडला. आरंभी एकच शब्द तीनदा. 'सँध्यास'सारखा काहीतरी. चर्चच्या प्रार्थनेत 'सँक्टस' तीनदा म्हणतात, त्याची ही मोडतोड, एवढे तिने टिपून ठेवले होते. इतक्यात चुलीपासून आवाज आला, "अगं बया, एवढ्यात कुठली संध्याकाळ? आत्ताशी नऊ वाजल्यात!"

आम्ही एकमेकांकडे पाहातच राहिलो. रोमन लिपीत डोळ्यांना न दिसलेली संध्या मावशींच्या कानांनी नेमकी पकडली होती.

पण पोरगी हुशार. "काका, इथे तर रात्र संपून उजाडते आहे. संध्याकाळ कशी बसेल?"

आता माझी पाळी होती. मला वडील आठवले. पहाटे पळी-पंचपात्र घेऊन बसलेले. संध्या म्हणजे रात्र आणि दिवस यांचा सांधा. ती सकाळचीही असतेच की! पाद्र्याची प्रार्थना आणि आमच्या वडिलांचे आचमन त्या गृहस्थाने एका शब्दात बसवले होते. अशा पुस्तकांच्या किल्ल्या म्हणून जाडजूड ग्रंथ मिळतात. जरूर घ्यावेत, पण आधी आपल्या घरची जुडगी चाचपावी, असे मला तरी वाटते.

मग तिने भाकऱ्या होईपर्यंत मावशींना आणखी तीन पाने ऐकवली. त्यांच्या ओळखीचे दुसरे काही निघाले नाही. पोरगी मात्र पेन्सिलीला टोक करून पुन्हा पहिल्या पानाकडे वळली.