तळाचे थंड पाणी आणि मुंबईची उपनगरे

खोल जलाशयाच्या तळाशी वर्षभर थंड राहणारे पाणी नळांनी काठावर आणून इमारतींतील उष्णता त्यात सोडण्याच्या पद्धतीचे ठळक उदाहरण कॅनडातील टोरोंटो शहरात आढळते, जेथे २००४ पासून ओंटारियो सरोवरातील, काठापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावरचे आणि ८३ मीटर खोलीवरचे पाणी या कामी येते. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असल्याने हिवाळ्यात तितके निवलेले पाणी जड होऊन तळ गाठते, आणि उन्हाळ्यात तापलेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते. योजनेतील खरे चातुर्य असे, की हे पाणी शहराच्या पिण्याच्या पुरवठ्याचेच आहे: शुद्धीकरणानंतर ते उष्णता-विनिमयकातून, म्हणजे दोन प्रवाह परस्परांत न मिसळता धातूच्या पातळ पत्र्यांआडून उष्णतेची देवघेव करतात अशा यंत्रातून, जाते, इमारतींत फिरणाऱ्या बंदिस्त पाण्याची उष्णता घेते आणि मगच घरोघरच्या नळांकडे वळते. वातानुकूलनात सर्वाधिक वीज खाणाऱ्या कॉम्प्रेसरचे काम त्यामुळे पुष्कळ कमी होते.

यातील निम्मी सामग्री मुंबईच्या उपनगरांत आहेच. मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशांना परिचित असलेल्या जाडजूड जलवाहिन्या दूरच्या धरणांचे पाणी आणतात आणि त्याचा मोठा भाग भांडुपच्या संकुलात शुद्ध होतो. उणीव थंडीची आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव उथळ तर आहेतच, पण ते खोल असते तरी उपयोग नव्हता, कारण तळाला थंडी पुरवणारा कडक हिवाळाच येथे नाही.

अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याशी येऊन भिडणारा समुद्रही निराश करतो. मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे भूखंडाचा पाण्याखाली गेलेला उथळ पट्टा, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. सुमारे १६० किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातही समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आहे, म्हणजे टोरोंटोने ५ किलोमीटरवर गाठलेली खोली तेथेही मिळत नाही. तेलासाठी इतक्या दूरवर वाहिन्या टाकणे परवडते, गारव्यासाठी नाही.

भारतात खोल समुद्राची थंडी हाती लागली ती लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर, जेथे किनाऱ्यालगतच समुद्र झपाट्याने खोल होतो. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये तेथे सुरू केलेल्या, दररोज सुमारे १ लाख लिटर क्षमतेच्या प्रकल्पात पृष्ठभागाच्या उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ केली जाते आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती निववून गोडे पाणी मिळवले जाते. तहानेचा प्रश्न बिकट असलेल्या बेटाने त्या थंडीचा वापर खोल्या गार करण्याआधी पिण्याच्या पाण्यासाठी केला, हे स्वाभाविकच होते.