पिकअप घेण्यापूर्वी



गटात फिरताना 'साहेब, कोणती पिकअप घ्यावी?' असे आम्हांस बरेच जण विचारतात. आम्ही कंपनीचे नाव सांगत नाही. तुलना कशी करावी, ते सांगतो.

पहिले म्हणजे, हौद्याची लांबी पाहून भुलू नका. माहितीपत्रकातील भरलेल्या गाडीच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. समजा, ३,००० किलोतून १,७०० गेले, राहिले १,३००. त्यातून तीन माणसे नि वर बसवलेली जाळी यांचे ३०० काढा. उरले १,०००, म्हणजे ५० किलोच्या खताच्या २० गोण्या. त्यावर एकही नको. जादा भाराने टायर, पाटे जातात, ब्रेक लवकर लागत नाही. अपघात झाला तर विम्याचीही अडचण होते.

दुसरे, दोन-तीन गाड्यांचे भार, मायलेज, किंमत हे आकडे एका कागदावर शेजारी मांडा. सर्व्हिस तालुक्याला मिळते का, तेही विचारा.

तिसरे, हप्ता. हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल तसे येत नाही. हंगामानंतरचे महिने कसे निघतील, हा हिशेब घरच्या मंडळींबरोबर बसून करा. मगच सही करा.